कप्तान काठावर

क्लामसी,
सोमवार, २ जून १९७५

चि. ओदेत हिस,
गास्पारचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाय तसाच आहे. डॉक्टर म्हणतो प्लास्टर जुलैपर्यंत राहणार, आणि वर हसतो. म्हणे, या वयात चेरीच्या झाडावर चढणाऱ्याला झाडानं एका पायावर सोडलं, हे नशीब समजा. हसू दे मेल्याला. त्या चेऱ्या मी त्यालाच पाठवल्या होत्या, आणि त्यानं त्या खाल्ल्याही.

मुद्द्याचं लिहितो. कालव्याच्या सहलीची बोट मी ठरवली, मार्ग मी ठरवला, आणि ऐन वेळी मीच नाही. पण म्हणून सगळं वाऱ्यावर सोडायचं असं नाही. तू, तुझी मैत्रीण फर्नांद आणि तिचा नवरा लुसियां, तिघांनी येत्या शनिवारी सकाळी ओसेरहून निघायचं आणि त्यापुढच्या शनिवारी क्लामसीच्या धक्क्यावर दुपारच्या जेवणाला माझ्यापुढे हजर व्हायचं. सोबत वेळापत्रक जोडलं आहे. मी जन्मभर स्टेशनमास्तर होतो. माझ्या स्टेशनातून गाडी उशिरा सुटली ती एकदाच, आणि तेव्हा पूल बॉम्बनं उडाला होता. कालव्यात तर रूळसुद्धा बदलायचे नसतात. सरळ एक वाट. उशीर व्हायला मला तरी कारण दिसत नाही.

कप्तान लुसियां. तो नौदलात होता, त्याला समजतं. बोटीच्या चाकाला तू हात लावायचा नाहीस. सायकलसकट तू मासेवालीच्या टोपल्यांत शिरली होतीस ते मी विसरलेलो नाही. तू आणि फर्नांदनं जेवणखाण बघा, दोर गुंडाळा, आणि कालव्याचे दरवाजे उघडणाऱ्या लॉकवाल्यांशी गोड बोला. तुमच्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.

तुझ्या खोलीला रंग लावून झाला. पिवळा. तुला निळा आवडतो हे ठाऊक आहे, पण निळ्या खोलीत थंडी वाजते असं रंगारी म्हणाला. स्वैपाकघरात नवी शेगडी बसवली आहे, चार तोंडांची, खाली भट्टी. बोटीवरून उतरलीस की परत जायचं नाही. सामान मागून सोमवारच्या ट्रकनं येईल, आणि घर रिकामं होतंय असं तुझ्या घरमालकाला मीच कळवतो. तुझ्या मार्सेलला जाऊन दोन वर्षं झाली. त्या बेकरीवरच्या माडीवर एकटी बसून तू करतेस काय? तू एकटी, मी एकटा, दोन घरांत दोन चुली कशाला? मागच्या पत्रात तू नुसतं बघू म्हणालीस. तुझं बघू म्हणजे हो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

उत्तर वाटेतून पाठव. टेलिफोन करू नकोस, त्यावर तू माझं बोलणं तोडतेस.

तुझ्या काळजीनं लिहितो, बाकी मला काय पडलंय,
गास्पार


वेंसेल,
रविवार, ८ जून

ती. गास्पारदादास,
ओदेतचा सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप आहोत. म्हणजे बोट आणि आम्ही दोघी बोटीत सुखरूप आहोत. लुसियांही सुखरूप आहे, पण तो काठावर आहे. का, ते सांगते.

तुझं वेळापत्रक पहिल्याच दुपारी कोलमडलं. आम्ही एका लॉकच्या हौदात शिरलो, मागचे दरवाजे बंद झाले, पाणी भरून बोट वर उचलायची आणि पुढचे उघडायचे तेवढ्यात गावातल्या देवळात बाराची घंटा झाली. लॉकवाल्यानं टोपी काढली, चवीनं जेवा म्हणाला आणि घरी जेवायला निघून गेला. आता बारा वाजले म्हणजे जेवायला जाणारच की माणूस! तू तुझ्या कागदावर त्या वेळी आम्हाला दोन गावं पुढे नेऊन ठेवलं होतंस. तासभर आम्ही त्या ओल्या भिंतींमध्ये विहिरीतल्या घागरीसारखे बसून होतो. फर्नांद म्हणाली, तोही जेवतोय, आपणही जेवून घेऊ. तिनं पाव काढला, वाइन काढली, आणि घरून आणलेली मांसाची बरणी उघडली. स्वतः केलेली, ब्रँडी घालून.

लुसियां ते पावावर थापून थापून खात होता. खाता खाता डोळे मिटून म्हणाला, लग्न केल्याचं आज सार्थक झालं, हे डुकराचं आहे की बदकाचं? आणि फर्नांदनं मोठ्या अभिमानानं सांगून टाकलं, सशाचं.

अरे दादा, बोटीवर! तुला माहीत आहे ना लुसियांसारख्या ब्रेतान्यच्या खलाशांचं? घरी दर रविवारी हाच माणूस तेच मांस हाडं चोखून खातो. पण बोटीवर तो प्राणी नको, त्याचं मांस नको आणि नावही नको. दोर कुरतडतो, फळ्या पोखरतो, बोट बुडवतो. लुसियांचा घास तोंडातच राहिला. चेहरा पांढराफटक. फर्नांद म्हणाली, अहो, हा कालवा आहे, समुद्र नाही, इथं बुडायचं म्हटलं तर आधी खाली मांडी घालून बसावं लागेल. तो उठला. आत गेला, आपली उशी घेतली, आणि भिंतीतल्या लोखंडी शिडीनं वर चढून गेला. लॉकवाला दात कोरत परत आला तेव्हा कप्तान वर गवतात उशी घेऊन बसलेला आणि खाली बोटीत दोन बायका.

मग दरवाजे उघडले. बोटीला काय, ती निघाली. फर्नांद चष्म्याशिवाय आपला स्वतःचा हात ओळखत नाही, आणि चष्म्यावर ती सकाळीच बसली होती. तेव्हा चाकाला मी हात लावला. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते.

एकदा भिंतीला घासली. पण लुसियांनं सकाळपासून कितीदा तरी आपटली होती, आणि दर वेळी म्हणत होता की भिंतच वाकडी बांधली आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. आता तो काठाच्या वाटेनं आमच्या शेजारून चालतो. बोटीचा वेग आणि त्याचा वेग एकच आहे, त्यामुळे हुकूम सोडणं चालू आहे. डावीकडे, उजवीकडे, सावकाश. फर्नांद त्याला मासे पकडायच्या जाळीत कॉफीचा पेला ठेवून काठावर पोचवते. रात्री तो सरायीत झोपतो आणि सकाळी विचारतो, बरणी संपली का?

पाय उंच उशीवर ठेव. डॉक्टरशी भांडू नकोस.

तुझ्या रागाला भिऊन आणि तरीही तुझीच,
ओदेत

ता. क. वेळापत्रक चीज गुंडाळायला घेतलं. कागद जाड होता, चीज छान राहिलं.


क्रावां,
मंगळवार, १० जून

मित्रवर्य गास्पार यांस,
लुसियांचा काठावरून स. न. वि. वि.

पायाला फोड आले आहेत, तरी उभ्या उभ्या लिहितो, कारण बसलो तर बूट परत चढणार नाहीत.

तू मला कप्तान नेमलंस. मी सध्या पायी कप्तान आहे. गळ टाकून बसलेली माणसं माझी नौदलाची टोपी बघतात, मग पाण्यावरची बोट बघतात, आणि विचारतात, काय साहेब, बोट चुकली का? हे ऐकायला मी ऐन उमेदीची वर्षं समुद्रावर घालवली?

माझी बाजू तू समजून घेशील म्हणून सविस्तर सांगतो. ती बरणी संपेपर्यंत मी बोटीवर पाय ठेवणार नाही असं मी फर्नांदला बजावलं होतं. काल तिनं ती संपवली. एकटीनं, आणि माझ्याकडे बघत बघत. बरणी व्हिनेगरनं धुतली, फळ्या धुतल्या. आज सकाळी मी सगळं माफ केलं, उशी काखेत मारली आणि एक पाय बोटीवर ठेवला. नेमक्या त्याच क्षणी इथल्या लॉकवालीनं तुझ्या बहिणीच्या हातात टोपली दिली. तिचा नवरा आजारी आहे, दरवाज्याचा दांडा तुझ्या बहिणीनं तिच्याबरोबर ढकलला, म्हणून भेट. टोपलीत लांब कानांचा होता. जिवंत. राखाडी. मी नाव लिहीतसुद्धा नाही, समजून घे.

मी पाय मागे घेतला. आणि गास्पार, मी डोळ्यांनी पाहिलं, तुझ्या बहिणीला नको म्हणता आलं असतं. तिनं टोपलीत बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं, आणि गोड हसून थँक्यू म्हणाली. तुझी बहीण दिसते तेवढी साधी नाही.

तू मोठा भाऊ आहेस, तू लिही. तुझं ती ऐकते. नवऱ्याचं बायको ऐकत असती तर मी तुला त्रास दिला नसता.

एक कबूल करतो, पण फर्नांदला कळवू नकोस. तुझी बहीण चाक चांगलं धरते. काल वळणावर मी डावीकडे ओरडलो, ती उजवीकडे गेली, आणि बरोबर होती.

मैत्री आहे ती असू दे, आणि फोडांवर काही मलम ठाऊक असेल तर कळव.
तुझा,
लुसियां


क्लामसी,
बुधवार, ११ जून

चि. ओदेत हिस आशीर्वाद.

हे पत्र मायी-ल-शातोच्या पोस्टात तुझ्या नावानं ठेवायला सांगतो. वाचताच ताळ्यावर ये.

लुसियांचं पत्र आलं. तो प्राणी एकतर परत दे, नाहीतर शिजव. चाक लुसियांच्या हाती दे. नौदलातला माणूस काठावर आणि बेकरीवाली कप्तान, हे क्लामसीत कळलं तर मला कॉफीच्या दुकानात तोंड दाखवायची सोय नाही. कळलंच आहे म्हणा, कारण पोस्टमास्तर लिफाफ्यावरचं अक्षर बघून सगळं विचारून घेतो.

ट्रक सोमवारचा पक्का केला. शेजारीण मादाम ग्रिवो तू येणार म्हणून केक करणार आहे. सगळ्यांना सांगून झालं आहे की बहीण आता कायमची राहायला येते. खिडकीला पडदेही लावले. तेही पिवळेच, म्हणजे प्रश्नच नको.

शहाण्यासारखी वाग.
गास्पार


मायी-ल-शातो,
गुरुवार, १२ जून

ती. दादास,
ओदेतचा सा. न. वि. वि.

उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकलं होतं. खाटेवरून बोट हाकणारा तूच पहिला.

तो ससा परत दिला नाही. शिजवलाही नाही. खरं सांगू? मुद्दाम ठेवला. तो बोटीवर आहे तोवर लुसियां काठावर, आणि लुसियां काठावर आहे तोवर चाक माझ्या हातात. पहिला अर्धा दिवस मला लाज वाटली. मग नाही वाटली. आणि लुसियांचं तसं वाईट चाललेलं नाही. तो आमच्या पुढे निघतो, प्रत्येक लॉकवर लॉकवाल्याबरोबर एक पेला वाइन घेतो, गप्पा मारतो, आणि आम्ही पोचेपर्यंत दरवाजे उघडून ठेवतो. फर्नांद म्हणते, लग्नापासून हा माणूस पहिल्यांदाच कुठे वेळेवर पोचतोय, आणि कामाला येईल इतकाच लांब राहतोय.

दादा, तुला चाकाबद्दल सांगते. तुला वाटतं कालवा सरळ, म्हणजे चाक धरून नुसतं उभं राहायचं. तसं नसतं रे. सरळ जायचं तर सारखं थोडं थोडं वळवत राहावं लागतं. आणि बोट लगेच ऐकत नाही. आपण सांगायचं, ती जरा विचार करते, मग वळते. घाई केली की काठावर चढते. पहिल्या दिवशी मी बगळ्यांच्या अंगावर गेले. काल मी अरुंद पुलाखालून अशी काढली की वर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं टोपी काढली. मी इतकी हसले की फर्नांद आतून धावत आली, तिला वाटलं रडतेय.

मार्सेलनं मला पावाची गाडी कधी चालवू दिली नाही. तू सायकल काढून घेतलीस, ती परत मिळालीच नाही. मी तक्रार करत नाही. मार्सेल चांगला होता, त्याची आठवण अजून येते, पहाटे जास्त येते. पण आधी बाबा आणि तू, मग मार्सेल आणि त्याची भट्टी. दुसऱ्याला भूक कधी लागेल ते बघून मी जन्मभर घड्याळ लावलं. इथं मला भूक लागली की मी जेवते. काल तर आम्ही चार वाजता जेवलो, चेऱ्या आणि चीज, भांडं एकही घासलं नाही.

तेव्हा आता लिहूनच टाकते. मी क्लामसीला येईन. तुझ्याकडे जेवीन. तुझ्या प्लास्टरवर नाव लिहीन. पण राहायला येणार नाही. पाच-सहा महिन्यांनी येईन असंही नाही. रविवारच्या गाडीनं मी ओसेरला माझ्या घरी परत जाणार. घरमालकाला काही कळवू नकोस. कळवलं असशील तर मी त्याला उलट कळवलं आहे.

हे लिहायला जड जातंय. तू रागावशील म्हणून नाही, ते मला झेपेल. तुला वाईट वाटेल म्हणून. तू माझा एकुलता एक भाऊ, तुझ्यावर माझी माया आहे. पण माया आहे म्हणून जन्मभर शेगडीपाशी उभी राहा म्हणशील, तर ते आता होणार नाही. समोर असतास तर मला हे बोलता आलं नसतं. तू भुवई वर केलीस की माझ्या तोंडून बघूच निघतं. म्हणून लिहिते.

रागव, पण तोडू नकोस.
ओदेत


क्लामसी,
शुक्रवार, १३ जून

चि. ओदेत हिस,
आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत.

तुझा नकार पोचला. मान्य नाही. कागदावर कुणीही शूर होतो.

चार दिवस चाक फिरवलंस आणि डोक्यात वारं शिरलं. तुझ्यासाठी मी भिंती रंगवल्या, या पायानं शिडीखाली उभा राहून रंगाऱ्याला चुका दाखवल्या. केलेल्याची काही किंमत? पालथ्या घड्यावर पाणी!

उद्या दुपारी मी कुबड्या घेऊन धक्क्यावर उभा असेन. शेजारी मादाम ग्रिवो असेल, तिचा केक असेल. सगळ्यांच्या देखत, माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हण. म्हणून दाखव. तू म्हणणार नाहीस. लहानपणापासून तुला ते जमलेलं नाही, आणि उद्याही जमणार नाही. सोमवारी ट्रक येईल.

लोभ तूर्त वाढवू नये.
गास्पार


कूलांज,
शनिवार सकाळ (कार्ड, पाववाल्याच्या गाडीबरोबर)

ती. दादास सा. न. येतोय. जेवायला तिघं. मासे नकोत, फर्नांदचा चष्मा अजून मोडकाच आहे, तिला काटे दिसत नाहीत.
ओदेत


क्लामसी,
रविवार, २२ जून

चि. ओदेत हिस,
गास्पारचे आशीर्वाद, राखून ठेवलेले आणि आजचे, दोन्ही.

आठवडाभर पत्र लिहिलं नाही. रागावलो होतो. पहिले तीन दिवस तुझ्यावर, मग लुसियांवर, मग रंगाऱ्यावर. आता कुणी उरलं नाही, तेव्हा लिहितो.

तू तिथं होतीस, पण तू बोटीवर होतीस. धक्क्यावरून काय दिसलं ते तुला माहीत नाही. मी दाढी करून, कोट घालून उभा होतो. बोलायचं वाक्य तयार होतं. भुवईसुद्धा तयार होती, खोटं कशाला बोलू? तुझं पत्र खिशात होतं आणि माझा हिशेब सरळ होता: समोर आलीस की तुझी जीभ टाळ्याला चिकटणार, मग मी मोठ्या मनानं सगळं विसरल्यासारखं करणार, आणि तू पिवळ्या खोलीत जाणार.

आधी वळणावरून लुसियां आला, पायी, टोपी घालून, राजाच्या पुढे चालणाऱ्या भालदारासारखा. मग बोट. चाकावर तू, बाह्या वर केलेल्या, नाक उन्हानं लाल. मी वाक्य सुरू करायला तोंड उघडलं, आणि तू वरून ओरडलीस, दादा, बघत काय उभा राहिलायस, दोर धर! दोर येऊन माझ्या छातीवर बसला. मी एक कुबडी टाकली आणि धरला. मादाम ग्रिवो किंचाळली. मग तू म्हणालीस, खुंट्याला गुंडाळ. मी गुंडाळला. तू बघितलंस, आणि सगळ्या लोकांसमोर म्हणालीस की याला बांधणं म्हणत नाहीत, याला शोभेची गाठ म्हणतात. खाली उतरलीस, सोडलास, परत बांधलास, आणि मग मला मिठी मारलीस.  जन्मभर मी हिरवं निशाण दाखवल्याशिवाय काही हललं नव्हतं.

तरी मी जेवणाची वाट बघत होतो. ते साय घालून केलेले बटाटे मी स्वतः केले होते, नव्या शेगडीवर, तुला शेगडी किती छान आहे ते दिसावं म्हणून. खाली करपले, वर कच्चे. लुसियां ताटात ते इकडून तिकडे हलवत होता. फर्नांदला ते दिसत नव्हते, ती सुखी होती. तू मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलेस. मी म्हटलं, आता. आणि भुवई वर केली. तू घास गिळायच्या आतच माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस, नाही दादा, मी राहणार नाही, जरा मीठ दे.

मी मीठ दिलं.

मादाम ग्रिवोनं विचारलं, केक कुणाला हवा? आणि सगळ्यांना एकदम हवा झाला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडीनं गेलात. आगगाडीत त्या प्राण्याला बंदी नाही म्हणून लुसियांनं टोपली स्वतःच्या मांडीवर घेतली आणि वर त्याला पाव भरवत बसला, हे बघून तर माझं डोकंच फिरलं. सोमवारी ट्रकवाला आला. त्याला मी सांगितलं की तारीख चुकली. तो म्हणाला, कुठली तारीख मग? मी म्हटलं, कुठलीच नाही.

आता जे लिहितो ते मादाम ग्रिवोला सांगू नकोस. मला स्वैपाकीण नको होती, ओदेत. मलाही वाटत होतं की तीच हवी आहे, म्हणून शेगडी आणली. संध्याकाळची गाडी जाते, शिट्टी ऐकू येते, आणि त्यानंतर सकाळपर्यंत या घरात कुणी बोलत नाही. पाय मोडल्यापासून तर मी घड्याळाशी भांडतो. मला एकटं राहायची भीती वाटते. हे सरळ सांगायचं सोडून मी तुला पडदे आणि भिंती दाखवत बसलो. तू आलीही असतीस, तुझा स्वभाव तसा आहे, आणि मी सकाळ-संध्याकाळ तुला काहीतरी चुकल्याचं सांगत राहिलो असतो. बरं झालं तू नाही म्हणालीस. वाईट वाटलं, रात्री फार वाटलं, पण बरं झालं.

नोव्हेंबरात सर्व संतांच्या सणाला ये. दोन दिवस ये, चार दिवस ये, तुझ्या मनात येईल तेव्हा परत जा. पाहुणी म्हणून ये. शेगडीला हात लावायचा नाही, तो मी लावणार. फर्नांदला आण, लुसियांलाही आण, तो इथं खुशाल घरात झोपू शकतो.

काल बटाटे परत केले. या वेळी करपले नाहीत, पण आतून कच्चेच. आधी उकडून घ्यायचे असतात का? सालासकट की सोलून? मादाम ग्रिवोला विचारलं तर ती स्वतःच येऊन करून देईल, मग मी कधी शिकायचा नाही. म्हणून तुला विचारतो. दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील, पण लवकर लिही. बटाटे धुऊन ठेवले आहेत.

लोभ असू दे, ओदेत.
तुझा,
दादा